कोर्स अर्धवट सोडला म्हणून आयसीयूतले जंतू माजले?

खडूस: "पेशंट अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडतात, म्हणून आयसीयूतले जंतू औषधांना दाद देत नाहीत." कालच्या लेखातलं हे वाक्य वाचून डोकं फिरलं. माझे वडील खुब्याचं हाड मोडलं म्हणून ॲडमिट झाले होते. जन्मात क्वचित गोळी घेतलेला माणूस. व्हेंटिलेटरवर नवव्या दिवशी क्लेब्सिएला नावाचा जंतू निघाला, मेरोपेनेमसारख्या तगड्या अँटिबायोटिकलाही रेझिस्टंट, म्हणजे दाद न देणारा. त्यांनी कुठला कोर्स सोडला होता, सांगा.

रात्रपाळी: वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण असे जंतू पेशंट आतड्यातून घेऊनही येतात. रेझिस्टन्सचं जनुक प्लास्मिडवरून, म्हणजे जंतूतल्या डीएनएच्या सुट्या तुकड्यावरून, एका जातीच्या जंतूतून दुसऱ्या जातीत जातं. व्हायरल तापावर अँटिबायोटिक चालत नाही, तरी अझिथ्रोमायसिन मागता ना? त्याचा हिशेब वॉर्डात होतो.

तिरकस: मागतो आम्ही, लिहून कोण देतं? आणि 'कोर्स पूर्ण करा' हा काय वेद आहे? २०१७ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात तज्ज्ञांनीच लिहिलं की लवकर थांबवल्याने रेझिस्टन्स वाढतो याला पुरावा नाही, उलट गरजेपेक्षा जास्त दिवस घेतल्याने वाढतो.

रात्रपाळी: शाब्बास! आता हे वाचून कुणी टीबीच्या गोळ्या सोडल्या तर तुम्ही येणार निस्तरायला?

तिरकस: टीबीचं गणित वेगळं, हे त्याच लेखात आहे. आधी वाचा, मग ओरडा.

निळू: माझ्या मावशीने सायनसच्या गोळ्या तिसऱ्या दिवशी सोडल्या, आठवड्यात दुप्पट जोराने उलटलं. मला बीएमजे नका सांगू.

तिरकस: निळूताई, दुखणं उलटणं वेगळं, जंतू रेझिस्टंट होणं वेगळं.

निळू: मावशीला सांगा हे. ताई म्हणून शिकवू नका.

खडूस: अहो, कोर्स-कोर्स काय लावलंय! मला हातांबद्दल बोलायचंय, जंतू हातांवरूनही एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जातात. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने इतर डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले, बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले, तरी मोठमोठे डॉक्टर त्याच्यावरच उखडले. मी काचेतून पाहिलंय, चार पेशंट आणि हातमोज्यांचा तोच जोड.

रात्रपाळी: काचेतून सोपं दिसतं. रात्री एकटीने किती व्हेंटिलेटर सांभाळायचे, ते मोजलंत का? आमच्या हातात उरतं काय, तर कोलिस्टिन. किडनीला घातक म्हणून एके काळी मागे पडलेलं औषध. हातमोज्यांचं मान्य. तेवढंच.

खडूस: उपकार झाले. वडिलांना कोलिस्टिनच दिलं होतं. पाचव्या दिवशी डायलिसिस लागलं.