ठाण्याहून कोल्हापूरला बिऱ्हाड हलवायचं आहे. घर, पूर, शाळा, इंटरनेट याबाबत मदत हवी

सांजवेळ
घरात चौघं: आम्ही दोघं, आठवीतली मुलगी (सीबीएसई) आणि ७२ वर्षांचे सासरे (अँजिओप्लास्टी झालेली). नवऱ्याचं काम घरून चालतं, महिन्यातून दोन दिवस मुंबईच्या ऑफिसात जावं लागतं. ठाण्यात घरभाडं ३४,०००, कोल्हापुरात तेवढ्याच जागेला १५,००० सांगतात. दोन जागा डोळ्यांसमोर आहेत. एक नागाळा पार्कात पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट, दुसरी पाचगावच्या बाजूला रो-हाऊस. रो-हाऊस विकतही मिळेल, त्यामुळे मोह होतोय. "छोटं शहर, निवांत आयुष्य" हे सगळेच सांगतात. नेमकं कुठे अडतं ते हवंय.

उंबरठा
ताई, आधी पूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, रमणमळा आणि नागाळा पार्कचा सखल भाग पाण्यात होता. सगळा नागाळा पार्क बुडत नाही, दोन गल्ल्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. म्हणून भागाच्या नावावर जाऊ नका. महापालिकेच्या नगररचना विभागात गट नंबर किंवा सि.स. (सिटी सर्व्हे) नंबर देऊन जागा निळ्या पूररेषेच्या (नेहमीच्या पुराची हद्द; लाल रेषा क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची) आत आहे का, निळी-लाल यांच्या मध्ये आहे का, हे विचारा. शिवाय समोरच्या किराणा दुकानदाराला "२०२१ ला पाणी कुठवर आलं?" एवढंच विचारा. तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल.

"पहिला मजला आहे, आपल्याला काय" ही नेहमीची चूक. मीटर, पाण्याचा पंप आणि लिफ्टचा खड्डा तळमजल्यावर असतात. ते बुडाले की महावितरण वीज तोडतं. फ्लॅट कोरडा, पण दिवा नाही, पाणी नाही. त्यात ७२ वर्षांच्या माणसाला होडीतून काढायचं. आणखी एक गंमत म्हणा किंवा थट्टा म्हणा: शहराला पाणी देणारे बालिंगा, शिंगणापूरचे उपसा पंप पुरात बुडतात, त्यामुळे उंचावरच्या भागातलेही नळ कोरडे पडतात. २०१९ ला शिरोलीजवळ हायवे काही दिवस बंद होता, तेव्हा पेट्रोल आणि गॅसचीही ओढ लागली. जुलै-ऑगस्टसाठी भरलेला जादा सिलिंडर आणि सासऱ्यांची महिन्याभराची औषधं घरात असू द्या.

पार्किंगमध्ये गाडी असेल तर बंधाऱ्यावर पाणी ४० फुटांवर गेलं की ती उंच जागी हलवा. बुडालेली गाडी चालू करून पाहू नका. इंजिनात पाणी शिरलेलं असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि त्या नुकसानीला साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत बहुधा नकार मिळतो. इंजिन प्रोटेक्ट (इंजिनाचं जादा विमा कवच) वेगळं घ्यावं लागतं.

सातबारा_बघा_आधी
पाचगाव उंचावर आहे, पुराची भीती नाही. पण ते महापालिकेच्या हद्दीबाहेर. हद्दवाढीचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलंय. तिथला खरा प्रश्न पाणी. विचारायचं असं: पाणी किती दिवसांआड येतं, किती वेळ येतं, उन्हाळ्यात टँकर लागतो का. चौघांना दिवसाला माणशी १३५ लिटर धरले तर ५४० लिटर. तीन दिवसांआड पाणी येत असेल तर १,६२० लिटर नुसते वापराचे, म्हणजे जमिनीखालची टाकी निदान २,००० ची हवी. मालक सांगतो त्यावर जाऊ नका. टाकीची लांबी × रुंदी × खोली फुटांत मोजा, २८.३ ने गुणा, लिटर निघतात. ५ × ४ × ४ ची टाकी म्हणजे साधारण २,२६० लिटर.

सांजवेळ
धन्यवाद. रो-हाऊसचा एजंट ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवतोय आणि "कागद क्लिअर" म्हणतोय. पुरेसं आहे का?

सातबारा_बघा_आधी
अजिबात नाही. नमुना ८ हा घरपट्टीचा उतारा. कर कोण भरतो एवढंच त्यातून कळतं, मालकी नाही. मागा: सातबारा किंवा मिळकत पत्रिका, फेरफार (मालकी बदलल्याची नोंद), बिनशेती आदेश (शेतजमीन घरासाठी वापरायची परवानगी), मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला), आणि वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल. सातबारावर भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन), देवस्थान इनाम (देवस्थानला दिलेली जमीन) किंवा कुळाचा (कसणाऱ्याच्या हक्काचा) शेरा दिसला तर तिथेच थांबा. कोल्हापूरच्या आसपास देवस्थानच्या जमिनी पुष्कळ आहेत. प्लॉट गुंठेवारीचा (मंजुरीशिवाय जमिनीचे तुकडे पाडून विकलेला) असेल तर नियमित केल्याचा आदेश पाहिजे. तो नसेल तर बँक कर्ज देताना अडवते आणि पुढे विकताना तीच कटकट तुमच्या गळ्यात.

आणखी एक. लहान शहरात आठ फ्लॅटच्या आतल्या किंवा ५०० चौरस मीटरच्या आतल्या प्लॉटवरच्या इमारती बऱ्याच. त्यांना महारेराची (बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची) नोंदणी लागत नाही. म्हणजे बिल्डर चुकला तर तिकडून मदतीची आशा धरू नका.

पण खरं सांगू? वर्षभर तरी विकत घेऊच नका. एक पूर्ण पावसाळा आणि एक मे महिना भाड्याने काढा. भाडेकरार नोंदवूनच करा. नोंदणी सक्तीची आहे आणि खर्च थोडा: मुद्रांक एकूण भाडं आणि अनामतीवरचं १० टक्के मानीव (हिशेबापुरतं धरलेलं) व्याज यांच्या ०.२५ टक्के, नोंदणी शुल्क शहरी भागात १,०००, ग्रामीण भागात ५००. लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही तो) तीन महिन्यांपेक्षा जास्त मान्य करू नका.

तारतम्य
घरून काम आहे म्हणून इंटरनेटचं सांगतो. लोक दोन फायबर घेतात आणि दोन्ही एकाच खांबावरून आलेले असतात. एक फांदी पडली की दोन्ही जातात. एक फायबर, आणि दुसरं वेगळ्या कंपनीचं सिम असलेला ५जी राउटर, अशी जोडी करा. सिम आधी त्याच खोलीत, संध्याकाळी ८ ते १० मध्ये तपासा. दुपारी सगळीकडे वेग छानच येतो.

वीज: लॅपटॉप ६५ वॅट, मॉनिटर ३०, राउटर १२, पंखा ७०, दिवा १०. म्हणजे १९० च्या आसपास. १५० एएचची (अँपिअर-तास) १२ व्होल्टची ट्यूब्युलर बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास, पण इन्व्हर्टरचं नुकसान आणि बॅटरी पूर्ण न उतरवण्याची काळजी धरून हाती १,००० च लागतात. पाच तास निघतील. तरीही नेट जाऊ शकतं, कारण गल्लीतल्या केबलवाल्याच्या जोडपेटीला बॅकअप नसतो. कनेक्शन घेण्याआधी त्याला हाच प्रश्न विचारा.

खडूफळा
मुलगी आठवीत आहे, म्हणजे घाई आहे. सीबीएसईत नववीला बोर्डाकडे नोंदणी होते, त्यानंतर थेट दहावीत शाळा बदलायला बोर्डाची परवानगी लागते. आता हलणार असाल तर नववीच्या सुरुवातीलाच हला, नाहीतर दहावीनंतर. सीबीएसईचं सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं, जूनमध्ये नाही. जागा जानेवारी-फेब्रुवारीत विचारा. दाखल्यासोबत जुन्या शाळेला यूडायस पोर्टलवर (शाळा-विद्यार्थ्यांची सरकारी ऑनलाइन नोंद) तिचं नाव ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, टाकायला सांगा. ते राहिलं की नवी शाळा नाव ओढून घेऊ शकत नाही आणि महिनोन्महिने पत्रव्यवहार चालतो.

उंबरठा
सासऱ्यांसाठी: कोल्हापुरात हृदयरोगाची सोय चांगली आहे, मिरजही ५० किलोमीटरवर. पण घराजवळच्या हॉस्पिटलात रात्री ११ ला फोन करून विचारा की कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करतात ती खोली) रात्री चालू असते का आणि हृदयरोगतज्ज्ञ किती मिनिटांत पोचतात. जाहिरातीतलं "२४ तास" बऱ्याचदा फक्त अपघात विभागापुरतं असतं. आरोग्यविम्याचा झोन (शहरानुसार हप्ता ठरवणारा गट) कमी करून हप्ता वाचवू नका. मोठ्या शहरात उपचार घ्यायची वेळ आली तर बिलाचा हिस्सा खिशातून भरावा लागतो.

आणेपै
पैशाचं कुणीच बोललं नाही. १९,००० वाचतात असं दिसतं, पण जुनी करप्रणाली असेल तर एचआरए (घरभाडे भत्त्यावरची करसवलत) पाहा. समजा मूळ पगार ८०,०००. भाड्यातून मूळ पगाराचे १० टक्के वजा करून उरतं त्यापेक्षा जास्त सवलत मिळत नाही: आज ३४,००० - ८,००० = २६,०००, उद्या १५,००० - ८,००० = ७,०००. करपात्र रक्कम महिन्याला १९,००० ने वाढली. ३० टक्के आणि उपकर धरून ५,९२८ कर जादा. हाती १३,००० च उरले. नवीन प्रणालीत हा प्रश्नच नाही. कंपनी शहर बघून पगार कापते का, हे एचआरकडून ईमेलवर घ्या, तोंडी नको.

मुंबईच्या फेरीसाठी महालक्ष्मी एक्स्प्रेस. रात्री निघून सकाळी मुंबई. सोमवारी रात्री निघा, मंगळ-बुध ऑफिस, बुधवारी रात्री परत. मुक्काम एकच रात्र. आरक्षण ६० दिवस आधी खुलतं, ऑफिसच्या तारखा आधी ठरवून घ्या. पावसाळ्यात कर्जत-लोणावळा घाटात दरड आली की गाडी रद्द, तेव्हा एक दिवस हाताशी ठेवा.

सांजवेळ
नागाळा पार्क बाद. पाचगावचंच भाड्याने बघतो. शनिवारी-रविवारी जातोय. गॅस आणि गाडीचं काय करायचं?

आणेपै
पाइपचा गॅस असेल तर बंद करून अनामत परत घ्या. सिलिंडरचं कनेक्शन असेल तर सिलिंडर-रेग्युलेटर जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्या. कोल्हापुरात अनामत आजच्या दराने भरावी लागेल. गाडीचा नंबर बदलावा लागत नाही, राज्य तेच आहे. आरसीवरचा पत्ता मात्र ३० दिवसांत बदला. कर्ज असेल तर बँकेची ना-हरकत लागते.

सातबारा_बघा_आधी
मोजपट्टी आणि टॉर्च घेऊन जा, आणि टाकीचं झाकण तुम्ही स्वतः उघडा. शेजारच्या घरातल्या बाईंना एकट्यात विचारा, शेवटचं पाणी कोणत्या वारी आलं. मालकासमोर विचारलंत तर रोज येतं.