अनुभव धागा : आमचे वडील सॅपर होते

दुसऱ्या महायुद्धात पुण्याजवळच्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलातून, अनेक मराठी माणसे आफ्रिका, इटली आणि ब्रह्मदेशात गेली. बंदूक त्यांच्याजवळही होती, पण मुख्य काम पूल बांधण्याचे, रस्ते करण्याचे आणि सुरुंग काढण्याचे. ज्यांच्या वडिलांनी हे काम केले त्यांनी येथे लिहावे. पदकांपेक्षा कामाविषयी लिहिल्यास अधिक बरे. तिघांनी लिहिलेले अनुभव खाली एकेका परिच्छेदात आहेत.

आमचे आबा आठव्या भारतीय डिव्हिजनबरोबर इटलीत होते. १९४३ च्या नोव्हेंबरात पावसाने सांग्रो नदी फुगली आणि बांधलेले पूल वाहून जाऊ लागले, तो काळ ते सर्वांत वाईट मानत. बेली पूल म्हणजे सुटे पोलादी भाग जोडून उभारायचा लष्करी पूल. त्याचे एकेक पॅनेल दहा फूट लांब आणि अडीचशे किलोंहून जड. सहा जणांनी ते उचलून आणायचे, पिना ठोकून एकाला एक जोडायचे आणि जोडलेला सांगाडा रोलरवरून हळूहळू पलीकडच्या तीराकडे ढकलायचा. पुढच्या टोकाला हलके 'नाक' जोडलेले असे, त्यामुळे पलीकडे टेकेपर्यंत तोल जात नसे. हे बहुधा रात्री, दिव्याशिवाय. आणि हातोड्याचा आवाज तर लपवता येत नाही. आबा त्याला 'बैली पूल' म्हणत, त्यामुळे लहानपणी मला तो बैलगाड्यांसाठीच असावा असे वाटे.

माझ्या वडिलांचे युद्ध त्याआधीचे, १९४१ मधले, ॲबिसिनियाच्या (आजच्या इथिओपियाच्या) सरहद्दीवरचे. बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी तिथले मेटेम्मा गाव घेतल्यानंतर शत्रूच्या पाठलागात चार दिवसांत ५५ मैलांच्या वाटेवरची १५ सुरुंगक्षेत्रे मोकळी करवून घेतली. दोनदा त्यांच्या गाडीखालीच सुरुंग फुटला, एका कानाचा पडदा फाटला, तरी ते थांबले नाहीत. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वडील त्यांच्या तुकडीत नव्हते, तरी 'आमच्या खडकीचे साहेब' म्हणूनच त्यांचे नाव घेत. उकरून पुन्हा दाबलेल्या मातीचा रंग निराळा दिसतो, हे शेतकऱ्याच्या पोराला शिकवावे लागत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आमच्या शेतात कोणी नवा खड्डा बुजवलेला दिसला, तर ते अखेरपर्यंत वळसा घालूनच जात.

आमच्या तात्यांची गोष्ट छोटी आहे. ते ब्रह्मदेशात तामूच्या बाजूला रस्त्यावर होते. तेथे खडी मिळेना, म्हणून डांबरात भिजवलेले गोणपाट जमिनीवर अंथरून त्यावरून लष्करी गाड्या नेल्या, हे त्यांचे सांगणे घरात कोणीही खरे मानत नसे. त्याला 'बिथेस' म्हणत आणि विमानांच्या धावपट्ट्याही तशाच केल्या होत्या, हे ते गेल्यानंतर माझ्या वाचनात आले. पुढे गावचा रस्ता पहिल्याच पावसात वाहून गेला की तात्या ओसरीवरून म्हणत, "खाली गोणपाट तरी अंथरायचं होतं!"