सर्व्हर पंधरा टक्केच चालतोय, म्हणजे पैसे वाया चाललेत का?

खडकी_ऑप्स
आमच्या कंपनीत क्लाउडचं बिल फायनान्सवाल्यांच्या डोळ्यात खुपायला लागलंय. डॅशबोर्ड उघडला तर सीपीयूचा सरासरी वापर 14-15 टक्के. कारण उघड आहे. प्रत्येक टीमने कुबर्नेटिसमध्ये (ॲप्स अनेक मशिनींवर वाटून चालवणारी प्रणाली) रिक्वेस्ट, म्हणजे किती सीपीयू-मेमरी राखून हवी तो आकडा, भरताना "असू दे थोडं जास्तीचं" म्हणत दोन-दोन कोअर लिहून ठेवलेत. कोणतं काम कुठल्या मशीनवर बसवायचं ते ठरवणारा शेड्यूलर जागा देताना रिक्वेस्ट बघतो, प्रत्यक्ष वापराशी त्याला देणंघेणं नाही. त्यामुळे नोड (म्हणजे मशिनी) कागदावर भरलेले, आतून रिकामे.

माझं म्हणणं: रिक्वेस्ट कापा, रिपोर्ट आणि बॅचची (सवडीने उरकायची) कामं त्याच नोडवर कमी प्रायॉरिटीने चालवा, सरासरी 60 वर न्या. गूगलच्या बोर्ग या अंतर्गत क्लस्टर प्रणालीवरील 2015 च्या पेपरात आहे की प्रॉडक्शन (ग्राहकांसाठी सतत चालणारी) आणि बाकीची कामं वेगळी ठेवली तर 20 ते 30 टक्के जास्त मशिनं लागतील. गूगलला जी चैन परवडत नाही ती आपल्याला कशी परवडते?

मुठेकाठचा
"60 वर न्या" ऐकलं की पोटात गोळा येतो. रांगेचं पुस्तकी गणित (एम/एम/1) घ्या. सर्व्हर 50 टक्के व्यस्त असेल तर कामाला सरासरी एका कामाच्या वेळेइतकं थांबावं लागतं, 80 ला चौपट, 90 ला नऊपट. शिवाय तुमची सरासरी रात्री तीनचा वापरही धरते. पहाटे कोणी लॉगिन करत नाही म्हणून दुपारी बाराची क्षमता कापणार? रिकामी जागा हा विमा आहे. हप्ता वाया जातो म्हणून कोणी रडत नाही.

खडकी_ऑप्स
ते गणित एका रांगेमागे एकच खिडकी धरून केलेलं आहे. 16 कोअर एकाच रांगेतून काम उचलत असतील तर 60 काय, 70 टक्क्यांनाही फारसं थांबावं लागत नाही. आणि विम्याचा हप्ता किती, हे कोणी ठरवलंय का? इथे तर ज्याने यामल (सेटिंगची) फाइल लिहिली त्याने ठरवलंय.

तात्या_डीबीए
तुम्ही दोघं ॲप सर्व्हरवर भांडताय, मार मात्र आम्हाला बसतो. लोड आला, लोड बघून आपोआप क्षमता वाढवणाऱ्या ऑटोस्केलरने 10 चे 40 पॉड (ॲपच्या चालत्या प्रती) केले. प्रत्येकाचा कनेक्शन पूल (डेटाबेसशी उघड्या ठेवलेल्या जोडण्या) 20 चा, म्हणजे 800 कनेक्शन. आपल्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये मॅक्स-कनेक्शनची मूळ सेटिंग 100 आहे आणि दर कनेक्शनला एक स्वतंत्र प्रोसेस उघडते. मग डेटाबेस आडवा, आणि कॉलवर मला विचारणार, "तात्या, डीबी स्लो का?" आधी मध्ये पीजीबाउन्सर (थोडीच कनेक्शन सगळ्यांना वाटून देणारा) बसवा, इंडेक्स नसलेल्या क्वेरी शोधा. एक वाईट क्वेरी सुधारली की कधीकधी अर्धे पॉड लागतच नाहीत. हे काम कोणाला नको असतं, कारण त्याचं प्रेझेंटेशन होत नाही.

बंड्या_डब्लिन
मुळात हा प्रश्न भाड्याच्या घरातला आहे. बेसकॅम्पवाल्या थर्टीसेव्हन-सिग्नल्स कंपनीने 2022 मध्ये क्लाउड सोडायचं जाहीर केलं. त्या वर्षीचं त्यांचं बिल सुमारे 32 लाख डॉलर होतं. मग साधारण 7 लाख डॉलरचे डेलचे सर्व्हर घेतले आणि 2023 मध्ये आपली ॲप्स तिकडे हलवली. स्वतःचं मशीन 15 टक्के चाललं तरी दर तासाला मीटर पडत नाही.

मुठेकाठचा
@बंड्या_डब्लिन त्यांचा लोड बऱ्यापैकी सपाट आहे आणि सर्व्हर सांभाळणारी मुरलेली माणसं त्यांच्याकडे आधीपासून होती. इथे डेटा सेंटरमध्ये डिस्क बदलायची तर तीन मंजुऱ्या लागतात.

आणि ऑटोस्केलिंगवर फार भिस्त ठेवणाऱ्यांनी हॉटस्टारचं उदाहरण बघावं. 2019 च्या विश्वचषकात भारत-न्यूझीलंड उपांत्य सामन्याला एकाच वेळी 2.53 कोटी प्रेक्षक होते. त्यांनी क्लाउडच्या तयार ऑटोस्केलिंगवर विसंबून न राहता क्षमता आधीच चढवून ठेवली होती. धोनी बाद झाल्यावर लोक बॅक दाबून बाहेर पडले. व्हिडिओचा लोड उतरला, होमपेजचा उसळला. तेव्हा वापर कमी झाला म्हणून स्केलरने होमपेजच्याही मशिनी काढल्या असत्या तर?

खडकी_ऑप्स
आमच्याकडे धोनी नाही हो. आमच्याकडे जीएसटीची 20 तारीख आणि महिनाअखेरचं पेरोल आहे. दोन्ही कॅलेंडरवर छापलेलं. त्यासाठी क्रॉन (ठरल्या वेळी काम सुरू करणारी सोय) लावून आदल्या रात्री नोड वाढवता येतात, दुसऱ्या दिवशी उतरवता येतात. तेवढ्यासाठी महिनाभर दुप्पट मशिनी पोसायच्या, याला विमा म्हणणं मला पटत नाही.

तात्यांचा मुद्दा घेतला, पीजीबाउन्सर आधी. पेमेंट सर्व्हिसला हात लावणार नाही. बाकीच्यांवर सोमवारपासून व्हीपीए (वापर बघून पॉडची रिक्वेस्ट किती हवी ते सांगणारं कुबर्नेटिसचं साधन) "ऑफ" मोडमध्ये लावतोय. तो काही बदलत नाही, नुसत्या शिफारशी देतो. आठवड्याने आकडे बघून कापू.

मुठेकाठचा
आठवड्याने नको. व्हीपीए मूळ सेटिंगमध्ये साधारण आठ दिवसांचाच इतिहास बघतो. मधल्या आठवड्यात लावलात तर पेरोलचा लोड त्याने पाहिलेलाच नसेल, आणि तो बिनदिक्कत सांगेल की अर्ध्यात भागतं. सीपीयू कमी पडला तर पॉड रांगतो एवढंच, पण मेमरी लिमिट ओलांडली की ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल त्याला मारूनच टाकतो. पेरोल मेमरीखाऊ जावात आहे ना? मग 1 तारीख उलटेपर्यंत थांबा.

तात्या_डीबीए
आणि 1 तारखेला मला फोन करू नका, मी रजेवर आहे.