मदत हवी आहे: मेंदूतील शिरेच्या गुठळीनंतर आयएनआरचं सॅम्पल उन्हात कसं आणायचं?

कोविडसारख्या व्हायरल तापानंतर मेंदूच्या शिरांत गुठळी झालेले पेशंट हेपरिनच्या इंजेक्शनवरून वॉरफरिनच्या गोळ्यांवर (दोन्ही गुठळी रोखणारी औषधं) येतात आणि गावी जातात. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) २ ते ३ मध्ये ठेवायचा, तोही किमान ३ महिने. खरी अडचण इथेच आहे. अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून सोलापूरला येणाऱ्या सॅम्पलचे आकडे पटत नाहीत.

निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ०.३ मिली सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रावण) असेल तर रक्त २.७ मिलीच हवं, खुणेपर्यंत. रक्त कमी पडलं की आयएनआर खोटा जास्त येतो, कुणीतरी वॉरफरिनचा डोस कमी करतं, आणि पेशंटला पुन्हा गुठळीचा धोका. हे फार जिवावरचं आहे. ट्यूब भरल्यावर हलक्या हाताने ३-४ वेळा उलटी-सुलटी करायची, झटकायची नाही.

एप्रिलमध्ये पारा ४० च्या वर, आणि थेट बर्फात ठेवलं तरी रिझल्ट बिघडतो. खोलीच्या तापमानाला ठेवून, त्याच दिवशी सॅम्पल पोचवायला तुम्ही कसला डबा वापरता? बोटाच्या थेंबावर चालणारं मशीन तालुक्याला कुणी वापरतं का? लॅबच्या आकड्याशी किती जुळतं?

डोकेदुखी वाढली, उलट्या, झटका (फिट) आला तर आकड्याची वाट न बघता पेशंटला थेट आणायला आम्ही सांगतोच.