२६ नोव्हेंबरला श्रद्धांजली कशी वाहावी?

प्रश्न (खानापूर) : आमच्या वाचनालयात २००८ च्या मुंबई हल्ल्यातील मृतांना दरवर्षी श्रद्धांजली वाहिली जाते, परंतु फलकावर करकरे, कामटे, साळसकर यांचीच छायाचित्रे असतात आणि छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गाडीची वाट पाहताना गोळ्यांना बळी पडलेल्या प्रवाशांचा साधा उल्लेखही होत नाही. १६६ जणांचे स्मरण कसे करावे?

उत्तर (निपाणी) : सर्वांची नावे सावकाश वाचावीत. आमच्याकडे प्रत्येक नावानंतर एक जण समईजवळ झेंडूचे फूल ठेवतो. वेळ लागतो, मुले चुळबुळ करतात, तरी एकही नाव गाळू नये. तुकाराम ओंबळे यांच्याविषयी मात्र अवश्य सांगावे : हाती केवळ लाठी असताना त्यांनी गिरगाव चौपाटीजवळ कसाबची बंदूक धरून ठेवली, म्हणूनच तो जिवंत सापडला.

उत्तर (बेळगाव) : ताजमध्ये धारातीर्थी पडलेले मेजर संदीप उन्नीकृष्णन बंगळूरमध्ये वाढले होते, तेव्हा कन्नड शाळेतील मुलांनाही आवर्जून बोलवावे. त्या सायंकाळी सीमाप्रश्नाच्या घोषणा नकोत, ही कळकळीची विनंती.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. नावांची यादी मराठी आणि कन्नड, दोन्ही लिप्यांत लिहून घेतो.