अमेरिकी कला आणि समलैंगिक कलावंत: उल्लेख कुठे आवश्यक, कुठे अनाठायी?

वेताळटेकडी (मूळ लेखन):
विसाव्या शतकातील 'खास अमेरिकी' म्हणून जिचा गौरव होतो, त्या कलेचा मोठा भाग समलैंगिक कलावंतांनी घडवला आहे. ही गोष्ट कार्यक्रमपत्रिकांत आणि संग्रहालयांतील फलकांवर स्पष्टपणे नोंदवली जावी, असे माझे मत आहे. 'बिली द किड' (१९३८) आणि 'अ‍ॅपलॅचियन स्प्रिंग' (१९४४) या बॅलेंतून अमेरिकेच्या माळरानांचा आणि खेड्यापाड्यांचा मानला जाणारा सूर निर्माण केला तो न्यूयॉर्क शहरातील ब्रुकलिनमध्ये वाढलेल्या संगीतकार अ‍ॅरन कोपलंड यांनी. १९४५ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या निधनानंतर रेडिओवरून वाजली ती संगीतकार सॅम्युअल बार्बर यांची 'अडाजिओ' ही संथ रचना. 'वेस्ट साइड स्टोरी' (१९५७) ही संगीतिका रचणारे बर्नस्टाइन (संगीत), रॉबिन्स (दिग्दर्शन व नृत्य), लॉरेंट्स (संहिता) आणि सोंडहाइम (गीते) हे चौघेही समलैंगिक किंवा उभयलैंगिक होते. दरम्यान, एप्रिल १९५३ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या १०४५० क्रमांकाच्या आदेशाने 'लैंगिक विकृती' हे केंद्र सरकारच्या नोकरीसाठी अपात्रतेचे एक कारण ठरवले आणि हजारो माणसे घरी बसली. ज्या सरकारला असा कारकून चालत नव्हता, त्याच सरकारने १९५९ मध्ये बर्नस्टाइन यांना न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदासह सोव्हिएत संघात पाठवले. हे न सांगता त्या दौऱ्याचे कौतुक करणे म्हणजे अर्धा इतिहास सांगणे होय.

तिसरी घंटा:
मी असहमत आहे. कलाकृतीमागे समलैंगिकता शोधण्याचा उद्योग प्रथम मित्रांनी नव्हे, तर संशय घेणाऱ्यांनी केला. नाटककार एडवर्ड आल्बी यांचे 'हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ?' हे नाटक १९६२ मध्ये रंगमंचावर आले, तेव्हा त्यातली भांडणारी जोडपी म्हणजे वेशांतर केलेले पुरुषच आहेत, अशी कुजबुज काही समीक्षकांनी सुरू केली. जानेवारी १९६६ मध्ये समीक्षक स्टॅन्ली कॉफमन यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये समलैंगिक नाटककारांच्या 'मुखवट्यां'वर लेख लिहिला. त्यात नावे नव्हती, पण रोख टेनेसी विल्यम्स, विल्यम इंज आणि आल्बी यांच्याकडे आहे हे सर्वांना कळले. आल्बी यांनी आपल्या नाटकाचा तसा अर्थ आयुष्यभर फेटाळला आणि केवळ पुरुष नटांना घेऊन ते नाटक करण्यास परवानगी नाकारली. आपण 'समलैंगिक लेखक' नसून समलैंगिक असलेले लेखक आहोत, असे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले. तोच चष्मा आता आपण कौतुकाने लावणार असू, तर नाटककाराच्या दृष्टीने काय बदलले?

कुंचला:
कॉफमन यांच्याविषयी न्यायाने बोलायचे तर, समाज या नाटककारांना उघडपणे लिहू देत नाही, हाही त्यांच्या लेखाचा मुद्दा होता, जरी लेखाचा परिणाम उलटाच झाला. परंतु नाटकावरून चित्रकलेचा निर्णय करू नये. चित्रकार मार्सडेन हार्टली यांचे 'पोर्ट्रेट ऑफ अ जर्मन ऑफिसर' (१९१४) पाहा: काळ्या पार्श्वभूमीवर लोहक्रॉस (जर्मन शौर्यपदक), ध्वजांचे पट्टे, काही आकडे आणि 'के. व्ही. एफ.' ही आद्याक्षरे. ती आद्याक्षरे कार्ल फॉन फ्रायबुर्ग या प्रशियन अधिकाऱ्याची आहेत. हार्टली यांचे त्याच्यावर प्रेम होते आणि ऑक्टोबर १९१४ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो युद्धात मारला गेला. चित्रातला २४ हा आकडा त्याचे वय आहे. १९१६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ही चित्रे मांडताना हार्टली यांनी त्यांत कोणतीही गुप्त प्रतीके नाहीत, असे लिहून दिले. जर्मनद्वेषाच्या त्या दिवसांत दुसरे काय लिहिणार? आज फलकावर 'लष्करी चिन्हांची आधुनिक रचना' एवढेच लिहिले, तर प्रेक्षक एका शोकचित्रासमोरून सजावट पाहिल्यासारखा पुढे जाईल.

पंचम:
हार्टली यांच्याबाबत मान्य; संगीतात मात्र असा पुरावा नसतो. कोपलंड यांच्या रचनांतील मोकळे स्वरांतर (दोन स्वरांमधले विस्तृत अंतर) हे संगीतकार स्ट्राविन्स्की यांच्या प्रभावाचे आणि पॅरिसमध्ये संगीतशिक्षिका नादिया बुलांजे यांच्याकडे घेतलेल्या शिक्षणाचे फळ आहे. प्रयोगशील संगीतकार जॉन केज हेही समलैंगिक होते. त्यांच्या आणि बार्बर यांच्या संगीतात नाव घेण्यासारखे साम्य दाखवून द्यावे. शिवाय जानेवारी १९५३ मध्ये आयझेनहॉवर यांच्या शपथविधीच्या कार्यक्रमातून कोपलंड यांची 'लिंकन पोर्ट्रेट' ही रचना वगळली गेली, ते डाव्यांशी असलेल्या संबंधांच्या आरोपावरून. दोन वेगळे छळ एकाच पोत्यात भरू नयेत.

वेताळटेकडी:
दोन्ही छळ कागदावर वेगळे होते, व्यवहारात नेहमी नव्हते. रॉबिन्स यांनी १९५३ मध्ये संसदीय समितीपुढे कम्युनिस्ट म्हणून सहकाऱ्यांची नावे घेतली, त्यामागे लैंगिकता उघड होण्याची भीतीही होती, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. समलैंगिक स्वरावली असते, असा माझा दावाच नाही. माझी मागणी चरित्रापुरती आहे. 'व्हेनेसा' (१९५८) या ऑपेराचे संगीत बार्बर यांचे आणि संहिता जान कार्लो मेनोटी यांची; दोघे विद्यार्थिदशेपासून एकमेकांचे जोडीदार होते आणि अनेक वर्षे न्यूयॉर्कजवळच्या माउंट किस्को गावातील एकाच घरात राहत होते. संगीतकार शूमान यांच्या मैफलीत पत्नी क्लाराचा उल्लेख कोणालाही खाजगी वाटत नाही. मग मेनोटी हे केवळ 'मित्र आणि सहकारी' का?

निळी शाई:
या चर्चेत कृष्णवर्णीय कलावंत आलेच नाहीत, हे खटकते. लेखक जेम्स बाल्डविन १९४८ मध्येच पॅरिसला निघून गेले होते, आणि पुरुषांमधील प्रेमावरची त्यांची 'जिओव्हानीज रूम' ही कादंबरी क्नॉफ या प्रकाशनसंस्थेने नाकारल्यावर १९५६ मध्ये डायल प्रेसने छापली. 'रेव्हलेशन्स' (१९६०) ही नृत्यरचना करणारे अ‍ॅल्विन एली १९८९ मध्ये एड्सने वारले, तेव्हा आईला त्रास होऊ नये म्हणून रक्ताच्या विकाराचे कारण जाहीर करण्यात आले. ते मौन त्यांनी स्वतः मागितले होते. वेताळटेकडी यांनी सुचवलेल्या फलकावर एली यांच्याविषयी काय लिहायचे, हे त्यांनीच सांगावे.

वेताळटेकडी:
मृत्यूचे खरे कारण लिहावे, आणि ते का लपवावे लागले तेही लिहावे. आईच्या हयातीत मी गप्प राहिलो असतो.

तिसरी घंटा:
आल्बी यांना आई नव्हे, प्रेक्षक सांभाळायचा होता. त्यांच्या नाटकाच्या कार्यक्रमपत्रिकेपुरता माझा विरोध कायम आहे.