'कँडिडेट' म्हणजे मान्यता नव्हे
बाणेरच्या जेमतेम ६० मुलांच्या इंटरनॅशनल शाळेत लेकीला पहिलीला घालावं का, असं विचारलंय तुम्ही. शाळा आयबीचा (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय संस्थेचा) अभ्यासक्रम सांगत असेल, तर आधी आयबीच्या संकेतस्थळावर तिचं नाव शोधा. शाळा 'कँडिडेट', म्हणजे नुसती उमेदवार, असेल तर आयबीची मान्यता अजून मिळालेली नाही. आम्हाला प्रवेशाच्या वेळी हे कुणी सांगितलं नाही; मुलगी तिसरीत गेली तरी मान्यता आली नव्हती. फार मनस्ताप झाला. आयबीचा प्राथमिक कार्यक्रम ३ ते १२ वयासाठी असतो, त्यामुळे पुढचे वर्ग निघणार का तेही विचारा. वर्गात दहाच मुलं असली की लक्ष छान मिळतं, पण दोघीतिघी सोडून गेल्या तर खेळायला मैत्रिणीच उरत नाहीत. आणि मराठीचा तास प्रत्यक्ष बसून बघा. २०२० च्या कायद्याने मराठी या शाळांनाही सक्तीची आहे.